मामाची ‘थ्री नॉट थ्री’ आणि १०.४ मिलिमीटर

ज्यांना ऐकायला वेळ नाही, गावात रेंज नाही, किंवा लाल डब्यात शेजारच्या काकांनी फुल आवाजात रील्स लावल्यात, अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जसंच्या तसं.

तर झालं असं की, मागच्या दिवाळीत मी नांदेडला घरी होतो. सकाळी सात वाजता मामाचा व्हॉट्सॲप. मामाचं गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या पुढे. तिथला जुना माळवदाचा वाडा पाडायचं काम चालू होतं. आलेल्या फोटोत काय, तर घोंगडीवर आडवी ठेवलेली बंदूक. गंजलेली, दस्त्याचं लाकूड एका बाजूने किडलेलं, पण ओळखू येणारी. खाली मेसेज: “आज्याची थ्री नॉट थ्री सापडली. तुळईच्या वर होती. शिक्का नंबर कायबी नाही. किती बोअरची हाय बघ की, तू इंजिनेर हायस.”

मी बीटेक केलंय, पण कॉम्प्युटरमध्ये. बंदुकीशी माझा संबंध पब्जीपुरता. पण मामाच्या लेखी इंजिनियर म्हणजे इंजिनियर. पंखा, मोटर, मोबाइल, बंदूक, सगळं एकाच खात्यात.

मी हसत हसत उत्तर टाइप करत होतो तेवढ्यात दुसरा मेसेज आला. “शेजारचा म्हणलालाय त्याच्या वळखीत एकाकडं गोळी हाय. बसवून बघतो म्हणे.”

तिथे माझं हसू गेलं. मी टाइप करणं सोडून सरळ फोन लावला. “मामा, आधी ती खाली ठेवा. नळी भिंतीकडे करून ठेवा आणि कुणालाच हात लावू देऊ नका. गोळी-बिळी काही आणायची नाही.” मामा म्हणाले, “अरे, सत्तर वर्षं पडून हाय ती, कायबी होत नाही.” मी म्हटलं, सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी ती भरून ठेवली नव्हती हे तुम्हाला कुणी सांगितलं? पलीकडे शांतता. मग मामींचा आवाज, “ठेवा म्हणते तर ठेवा की खाली.”

आज बोलायचंय ते याच प्रश्नावर. जिच्यावर नाव नाही, नंबर नाही, अशी एकावेळी एकच गोळी भरता येणारी जुनी बंदूक कितीची आहे हे ओळखतात कसं? आणि ‘त्यात कुठली गोळी बसते ते बघू’ ही पद्धत सगळ्यात वाईट का?

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण तोच भाग सगळ्यात निकडीचा होता. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय बंदूक बाळगणं हा गुन्हा, मग ती आजोबांची असो की पणजोबांची. त्यातलं कलम ८ तर आमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. बंदुकीवरची ओळखीची खूण खोडलेली असेल किंवा मुळात नसेल, तर ती ज्याच्याकडे सापडली त्यानेच खोडली असं गृहीत धरलं जातं, तो उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ‘शिक्का नाही’ ही मामांना वाटली तशी सुटका नव्हती, उलट अडचण होती. एक सवलत कलम ४५ मध्ये आहे: जुनाट पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्ती करूनही उडवता येणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. पण ‘दुरुस्ती करूनही नाही’ हे तुम्ही-मी ठरवायचं नसतं. लातूरला कोर्टात प्रॅक्टिस करणारा माझा एक मावसभाऊ आहे. त्याने त्याच दिवशी दुपारी अर्ज लिहिला, मामांनी पोलिस पाटलांना बोलावलं, आणि संध्याकाळपर्यंत बंदूक पंचनामा होऊन ठाण्यात जमा. ठाण्यातल्यांनी चहा पाजला. मामा चहा पिताना सारखे बंदुकीकडे बघत होते म्हणे.

काही आठवड्यांनी जिल्ह्याच्या मुख्यालयातले आर्मोरर ती तपासणार होते. मामांनी विनंती केली, आम्हाला बघू द्या. परवानगी मिळाली. मधल्या काळात मी वाचत सुटलो.

आता आपल्या भाषेत सांगतो. समजा तुमच्याकडे एक फाइल आली, नावाच्या पुढे काहीच नाही. ना जेपीजी, ना पीडीएफ. तुम्ही काय करता? शहाणा माणूस फाइल उघडून तिचे पहिले काही बाइट्स बघतो. जेपीजीची सुरुवात ठरलेली असते, पीडीएफची ठरलेली असते. नाव खोटं असू शकतं, आतली मांडणी खोटं बोलत नाही. आणि अडाणी माणूस काय करतो? दिसेल त्या ॲपमध्ये उघडून बघतो. फाइलच्या बाबतीत फार तर ॲप क्रॅश होतं. बंदुकीच्या बाबतीत क्रॅश झालं तर बोटं जातात, डोळे जातात.

बंदुकीचे ‘पहिले बाइट्स’ दोन ठिकाणी असतात. एक, नळीचा आतला व्यास. दोन, काडतूस जिथे जाऊन बसतं ती जागा, म्हणजे चेंबर.

नळीपासून सुरू करू. आपल्याकडे लोक सगळ्यालाच ‘बोअर’ म्हणतात. बारा बोअर, तीनशे पंधरा बोअर, चारशे दहा बोअर. पण यात दोन पूर्ण वेगळ्या मोजपट्ट्या मिसळल्यात. बारा बोअरमधला बारा हा व्यासच नाही! तो आकडा येतो वजनावरून. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा, त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. गणित करून बघा: ४५४ ग्रॅम भागिले १२, म्हणजे ३७.८ ग्रॅमची गोळी. शिशाची घनता ११.३४, गोलाच्या सूत्रात टाकलं की व्यास येतो साधारण १८.५ मिलिमीटर. मी हे खरंच पायथनमध्ये करून पाहिलं, रात्री एक वाजता. म्हणूनच वीस बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक असते. आकडा मोठा, नळी लहान.

दुसरी मोजपट्टी सरळ इंचांची. .३०३ म्हणजे ०.३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर. .३१५ म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर. आणि .४१०? तिला सगळे ‘बोअर’ म्हणतात, पण ती इंचांतलीच आहे: ०.४१० इंच, १०.४ मिलिमीटर. बारा बोअरच्या हिशोबाने मोजली असती तर ती अडुसष्ट बोअरच्या आसपास आली असती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंचांची मोजपट्टी तरी सरळ आहे का? नाही. रायफलच्या नळीत आतून पिळाचे चर कापलेले असतात. त्या चरांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. म्हणजे नळीला आतून दोन व्यास झाले: उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत, आणि चरापासून चरापर्यंत. .३०३ मध्ये ०.३०३ हा उंचवट्यांचा व्यास आहे. गोळी स्वतः ०.३११ इंचांच्या आसपास असते, म्हणजे नावापेक्षा जाड, कारण तिने चर भरून काढायचे असतात. उलटीकडे, .३८ स्पेशल नावाच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातली गोळी असते ०.३५७ इंचांची. नाव जुन्या काळच्या काडतुसांवरून चिकटलं आणि राहिलं. आपल्या कोडमध्ये जसं एखाद्या व्हेरिएबलचं नाव ‘टेम्प’ असतं आणि त्यावर अख्खी बँक चालते, तसं.

म्हणून व्हर्नियर नळीच्या तोंडात घालून आलेला आकडा गूगलला विचारला तर हमखास फसायला होतं. त्यात आणखी एक गंमत. .३०३च्या बहुतेक एनफील्ड नळ्यांत पाच चर असतात. पाच ही विषम संख्या, त्यामुळे एका चराच्या बरोबर समोर चर येत नाही, उंचवटा येतो. व्हर्नियरची दोन टोकं लावणार कुठे? जाणकार लोक यासाठी मऊ शिशाचा, नळीपेक्षा किंचित जाड तुकडा नळीतून हळूहळू पार करतात. शिशावर आतली नक्षी उमटते, चर किती, कुठल्या दिशेने पिळलेले, किती खोल, सगळं. मग तो तुकडा टेबलावर ठेवून आरामात मोजायचा. एनफील्डचे पाच, डावीकडे वळणारे. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीचे सात. नळी बोलायला लागते ती इथे.

आता दुसरी जागा, चेंबर. माझ्या मते खरी ओळख हीच, आणि लोक नेमकी हीच विसरतात. एकाच व्यासाच्या नळीसाठी डझनभर वेगवेगळी काडतुसं असतात: लांब, आखूड, सरळ, बाटलीसारखी मान असलेली. मार्टिनी-हेन्रीचं काडतूस लिहितात .५७७/४५०. म्हणजे मुळात .५७७ची रुंद नळकांडी, पुढे मान आवळून .४५०ची केलेली. नुसती नळी मोजली तर ४५० एवढंच कळतं, मागची ५७७ची बाटली कळत नाही.

चेंबर मोजण्यासाठी त्याचा साचा काढतात. बिस्मथ असलेला एक मिश्रधातू असतो, सेरोसेफ नावाचा. चहाच्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला वितळतो. तो चेंबरमध्ये ओतायचा, थिजला की बाहेर काढायचा. पहिला अर्धा तास तो किंचित आकसतो, मग फुगायला लागतो, आणि साधारण एका तासाने चेंबरच्या मूळ मापावर येतो. तेव्हाच मोजायचं. नंतर मोजलं तर जास्त भरतं. घड्याळ लावून मोजायची वस्तू! हे काम लायसन्स असलेल्या गनस्मिथचं किंवा आर्मोररचं आहे, आपल्या पडवीतलं नाही. पण ऐकायला मला ते भारी वाटलं.

आणि ‘गोळी बसवून बघू’ का नको, त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण या सरकारी बंदुकांतलं नाही, शेतातल्या बारा बोअरचं आहे. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत टाकलं तर ते आत जातं. इतकं आत जातं की चेंबर ओलांडून पुढे नळीत अडकतं. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. तो वाटतं विसरलो, म्हणून बारा बोअरचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते. हे इतक्यांदा घडलं की आज वीस बोअरची काडतुसं पिवळ्याच रंगाची करतात, नजरेला वेगळी दिसावीत म्हणून. आत शिरणं आणि जुळणं यात एवढा फरक आहे.

शिक्का नसणं ही गोष्टही वाटते तेवढी विचित्र नाही. काही बंदुका कारखान्यातून खुणा घेऊनच निघतात पण गंज त्या खातो. काही जण मुद्दाम घासून काढतात. तसं केलं तरी शिक्क्याच्या ठोक्याने खालचा धातू दाबला गेलेला असतो, आणि फॉरेन्सिक प्रयोगशाळेत आम्ल लावून तो घासलेला आकडा बऱ्याचदा परत वर आणता येतो. काही बंदुका हाताने बनतात. आणि काहींवर खुणा असतात, पण वाचणाऱ्याला कळत नाहीत. याचं माझं आवडतं उदाहरण नेपाळचं. २००३च्या सुमारास काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला प्रचंड साठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात गहेंद्र नावाच्या, नेपाळमध्येच हाताने बनवलेल्या एक-गोळी रायफली होत्या, बाहेरून अगदी मार्टिनीसारख्या. अमेरिकेतले हौशी लोक त्यांवरच्या ‘अगम्य चिन्हां’वर डोकं खाजवत बसले. ती चिन्हं म्हणजे देवनागरी आकडे. आपल्याकडचं पहिलीतलं पोरगं वाचून दाखवेल.

असो, परत लातूर जिल्ह्यात येऊ.

तपासणीच्या दिवशी आम्ही गेलो. आर्मोरर साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी बंदूक उचलली ती नळी जमिनीकडे ठेवून. गंजलेला बोल्ट उघडायलाच वीस मिनिटं गेली. तेल, थांबा, परत तेल. उघडल्यावर आधी आत बघितलं, मग बोट घालून बघितलं, मग बारीक टॉर्चने. रिकामी होती. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली आणि मामांना विचारलं, “तुम्ही काय समजता ही?”

“थ्री नॉट थ्री,” मामा म्हणाले. छाती थोडी पुढे आली होती.

दिसायला होतीच हो. आपण सगळ्यांनी पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली तीच. पुढे बसकं नाक, उजवीकडे बोल्टची गोल मूठ. २६/११ला मुंबईत काही पोलिसांच्या हातात हीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२०च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

साहेबांनी बंदूक उलटी केली. “मॅगझिन कुठंय?” जिथे दहा गोळ्यांची पेटी लटकते तिथे काहीच नव्हतं. आणि वरून बघितलं तर त्या जागेत लाकडाचा ठोकळा बसवलेला. मला वाटलं, कुणीतरी गावठी दुरुस्ती केली असेल. साहेब म्हणाले, “हे गावात नाही, कारखान्यात केलंय. एका वेळी एकच गोळी भरता यावी म्हणून.”

मग त्यांनी टॉर्च मागून लावला आणि मला म्हणाले, “पुढून बघ.” बोल्ट काढून टेबलावर ठेवलेला होता, तरी मी दचकत दचकतच वाकलो. मी इतके दिवस वाचून गेलो होतो की पाच चर, डावा पीळ शोधत होतो. आत काहीच नव्हतं. गंजाचे खड्डे होते, पण पीळ नाही. पाइपसारखी सरळ, गुळगुळीत नळी. व्हर्नियर लावला. चरच नाहीत म्हटल्यावर मोजायला काही अडचण नव्हती. आकडा आला १०.४ आणि थोडंसं वर.

७.७ नाही. १०.४.

“फोर टेन मस्केट,” साहेब म्हणाले. “ही रायफलच नाही.”

ब्रिटिशांच्या काळापासून कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात जुन्या .३०३ रायफलींचं असं रूपांतर होत असे. नळी आतून .४१०ची गुळगुळीत, मॅगझिन बंद, काडतूस .३०३च्याच नळकांडीचं पण मान न आवळलेलं, सरळ. कुणासाठी? पोलिस, तुरुंगाचे पहारेकरी, खजिन्यावरची गार्ड. गर्दीसमोर उभं राहताना लांबचा मारा नको असतो. आणि सरकारच्या डोक्यात आणखी एक हिशोब होता: समजा ही बंदूक कुणी हिसकावून नेली, तर त्याच्या हाती लांबून नेम धरता येणारी, धडाधड दहा गोळ्या झाडणारी रायफल पडू नये.

हा हिशोब नवा नव्हता. १८५७चं बंड ज्या एनफील्डच्या काडतुसांवरून पेटलं ती बंदूक .५७७ची, पिळाच्या नळीची. बंडानंतर हिंदी शिपायांसाठी जी बंदूक काढली ती बाहेरून हुबेहूब एनफील्ड, आतून मात्र .६५६ची गुळगुळीत. गोऱ्या शिपायाच्या हातात रायफल, हिंदी शिपायाच्या हातात तिचा मुखवटा. पुढेही बराच काळ हिंदी पलटणींना गोऱ्यांच्या एक पिढी मागचीच शस्त्रं मिळत राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर सरकारने हिंदुस्थानात .४५० कॅलिबरच्या शिकारी रायफलींनाच बंदी घातली, कारण त्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनींना उपयोगी पडेल ही भीती. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी काय केलं? किंचित इकडेतिकडे सरकवून .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी कॅलिबरंच काढली. आज आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीचं म्हणून जे .४७० प्रसिद्ध आहे, त्याचा जन्म आपल्याकडच्या सरकारी भीतीतून झालाय. मला हे वाचून फार मजा वाटली, कारण शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मामांना मात्र यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते एकाच वाक्यावर अडकले होते. “रायफल नाही म्हंजे?”

यामागे एक गोष्ट आहे. आमच्या आजोळी ती प्रत्येक पोराने ऐकलीय. १९४८ साल, निजामाचं राज्य, रझाकारांची धास्ती. मामांचे आजोबा, म्हणजे माझ्या आईचेही आजोबा, गावच्या गढीवर पहाऱ्याला. आणि त्यांनी तीनशे पावलांवरून, एका गोळीत, घोड्यावरच्या माणसाचा फेटा उडवला. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. ती टोळी परत फिरली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत, माळवदावर झोपताना, ही गोष्ट व्हायची आणि ‘तीनशे पावलं’ म्हणताना मामा लांब अंधारातल्या बाभळीकडे बोट दाखवायचे.

त्या वर्षी मराठवाड्यात कुणाच्या हातात काय होतं याचा काही नेमच नव्हता. भरमार बंदुका होत्या, तलवारी होत्या, संस्थानी फौजेची शस्त्रं होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून हैदराबाद संस्थानात शस्त्रं आणत होता, आणि त्यातली काही विमानं आपल्या उदगीरपासून जवळच्या बिदरला उतरत होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला सगळं संपलं. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्या धामधुमीत एखाद्या नाक्यावरच्या पहारेकऱ्याची मस्केट एखाद्या माळवदात पोचणं यात काहीच अशक्य नाही. बंदूक खरी. गढी खरी, तिचा एक बुरूज अजून उभा आहे.

पण तीनशे पावलं?

मामांनी साहेबांना विचारलंच. “साहेब, तीनशे पावलांवर नेम लागंल का हिनं?” मला वाटलं साहेब हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “पीळ नसलेल्या नळीतनं गोळी फिरत जात नाही. कुठंबी भरकटते. पन्नास पावलांपर्यंत ठीक. शंभरच्या पुढं भरवसा नाही. तीनशेला नेम म्हणजे...” आणि त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मला त्यांचं ते न बोलणं आवडलं.

मामा खुर्चीत बसले. मी इकडेतिकडे बघत राहिलो. खरं सांगू? बंदूक कितीची आहे हे शोधायचा उत्साह माझाच जास्त होता, आणि ते सापडल्यावर मला थोडं अपराध्यासारखं झालं. एक आकडा, तोही दशांशातला, आणि चार पिढ्यांची गोष्ट लटकी पडते.

कायद्याचा शेवटचा झटका अजून बाकी होता. मी मनात म्हणत होतो, चला, .३०३ नाही म्हणजे निदान ‘प्रोहिबिटेड बोअर’ची भानगड नाही. मावसभावाने फोनवर ऐकून घेतलं आणि नियम वाचून दाखवला. शस्त्रांच्या नियमात ज्या ओळीत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली सर्वसामान्यांना बंद केल्यात, त्याच ओळीत पुढे .४१०च्या मस्केटही आहेत. आणि शब्द असे आहेत की .४१०चं मस्केट काडतूस ज्यात चढून उडू शकेल अशी इतर कुठल्याही बोअरची मस्केटसुद्धा. म्हणजे कायदासुद्धा नुसती नळी बघत नाही, चेंबर बघतो. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगण्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे. मामांनी ती ‘आज्याची आठवण’ म्हणून भिंतीला टांगली असती, किंवा त्या शेजाऱ्याने कुठून तरी गोळी आणली असती, तर आज हा एपिसोड वेगळा झाला असता. तुमच्या घरी, शेतावर, वाडा पाडताना असं काही सापडलं तर हात न लावता सरपंच, पोलिस पाटील, कुणालातरी साक्षीला घ्या, लेखी कळवा आणि पोच घ्या. फोटो ग्रुपवर टाकू नका. आमच्या मामांनी तीन ग्रुपवर टाकला होता, तो काढायला लावताना माझी दिवाळी गेली.

बंदूक आता सरकारजमा आहे. मामांकडे जमा केल्याची पावती आहे, ती त्यांनी लॅमिनेट करून घेतलीय. नव्या घराच्या हॉलमध्ये, पणजोबांच्या फोटोच्या बाजूला लावलीय. त्यावर स्पष्ट लिहिलंय: एक नग, .४१० मस्केट, खुणा अस्पष्ट.

जानेवारीत हुरड्याला गेलो होतो. रात्री आगटीभोवती पोरं जमली, आणि कुणीतरी म्हणालं, मामा, ती गोष्ट सांगा ना. मी जरा जपूनच बघत होतो. मामांनी सुरुवात केली. गढी आली, रात्र आली, घोड्यांच्या टापा आल्या. मग ते क्षणभर थांबले, माझ्याकडे एक तिरकी नजर टाकली आणि पोरांना म्हणाले, “आज्यानं त्याला येऊ दिला. अजून येऊ दिला. पार पन्नास पावलांवर येईस्तोवर दम धरला. इतका जवळ की घोड्याचा वास येलालता. कारण हातात रायफल नव्हती रे, मस्केट होती. एकच गोळी. चुकली तर दुसरी भरायला येळ नव्हता.”

पोरं गपगार. आणि मी पण. मला तर ही गोष्ट आधीच्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटली.

चला, आज एवढंच. तुमच्या आजोळच्या माळवदावर काय काय सापडलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. बंदूक सोडून.